सागरी तेलगळती : ‘साफ करणे’ म्हणजे काय?

‘तेल साफ केले’ आणि ‘किनारा साफ केला’ हे दोन्ही प्रयोग मराठीत रूढ असून आपण ते बहुधा एकाच अर्थाने योजतो. वस्तुतः हे अर्थ किती भिन्न आहेत, याचा प्रत्यय १९६७ साली इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर आला.

त्या वर्षी १८ मार्च रोजी सुमारे १,१९,००० टन कच्चे तेल वाहून नेणारे ‘टॉरी कॅन्यन’ हे जहाज खडकावर आदळले. सांडलेले तेल घालविण्यासाठी सुमारे १०,००० टन डिटर्जंट वापरण्यात आले. त्यायोगे तवंग फुटून त्याचे सूक्ष्म थेंब पाण्यात मिसळले. परंतु डिटर्जंटातील विद्रावके तेलाहूनही विषारी ठरली. खडकावरील शेवाळ खाणारे शंखधारी प्राणी मेले व खडक शेवाळाने झाकून गेले. फवारणी न झालेले भाग दोन-तीन वर्षांत सावरले. जेथे ती अतोनात झाली तेथे दहा ते पंधरा वर्षे लागली.

म्हणूनच आज समुद्रावर प्रथम तरत्या अडसरांनी तवंग रोखून तो यंत्राने उपसतात, अथवा वारा शांत असता जाळतात. लाटा उसळत असल्यास हे दोन्ही उपाय थिटे पडतात. तेव्हा खोल पाण्यावर कमी विषारी विकिरक द्रव्ये फवारतात. वाळूवरील तेल फावड्याने उचलता येते. चिखलाच्या खाजणात मात्र ते माणसांच्या पायांनीच खोल रुतते. तेथे पुष्कळदा हात न लावणेच श्रेयस्कर होय.

सारांश, कॉर्नवॉलला तेल साफ झाले. किनारा झाला नाही. उपाय निवडण्यापूर्वी ‘साफ करणे’ या क्रियेचे कर्म कोणते, हे ठरविले पाहिजे.