भंगुर गोळी

भंगुर गोळी : पोलादी लक्ष्यासारख्या कठीण पृष्ठभागावर आपटताच जिचा चुरा होतो, अशी पिस्तुलाची वा रायफलीची गोळी. नेहमीची गोळी शिशाची असून तिच्यावर बहुधा तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असते. पोलादावर ती चपटी होऊन फाटते व तिचे तुकडे लक्ष्याच्या पृष्ठाला जवळजवळ समांतर उडतात. पृष्ठावर खड्डे पडलेले असल्यास ते नेमबाजाकडेही परततात. म्हणूनच इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशनच्या नियमांनुसार पिस्तूल-नेमबाजीत धातूचे लक्ष्य किमान ७ मी. दूर ठेवावे लागते. भंगुर गोळीने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. संरक्षक चष्मा तिच्याबरोबरही आवश्यक असतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हवाई तोफचींच्या सरावासाठी शिशाचे चूर्ण व बेकेलाइट यांची गोळी बनविली; ती चिलखती विमानावर प्रत्यक्ष झाडता येत असे. आजच्या गोळ्या बहुधा तांबे व कथिल यांचे चूर्ण साच्यात दाबून व तापवून करतात. त्यांत शिसे नसल्याने बंदिस्त नेमबाजीगृहातील हवेचे प्रदूषण घटते. मात्र काडतुसाच्या प्रस्फोटक टोपीत शिशाचे संयुग असेल, तर हा लाभ अपुराच राहतो.

झाडलेल्या काडतुसाचे पितळी कवच नवी टोपी, दारू व गोळी घालून पुन्हा भरण्याची पद्धत अमेरिकेत छंद म्हणून रूढ आहे. भंगुर गोळीच्या बाबतीत हे काम विशेष जोखमीचे ठरते. शिशाची घनता ११.३ ग्रॅ./घ. सेंमी., तर तांब्याची सुमारे ८.९, दाबलेल्या चूर्णाची त्याहूनही कमी. साहजिकच तेवढ्याच वजनाची भंगुर गोळी अधिक लांब असते. काडतुसाची एकूण लांबी ठरलेली असल्याने ती कवचात खोल बसते, दारूसाठी जागा कमी उरते आणि ज्वलनाचा दाब झपाट्याने वाढतो. यास्तव ९ मिमी. काडतुसात नेहमीची गोळी साधारणतः ७.५ ते ८ ग्रॅ. वजनाची असते, तर भंगुर गोळी बहुधा सुमारे ६.५ ग्रॅमची घेतात. केवळ वजन जुळते म्हणून शिशाच्या गोळीचे दारूचे प्रमाण हिला लावणे घातक होय. त्या विशिष्ट गोळीसाठी उत्पादकाने दिलेले कोष्टकच ग्राह्य धरावे.

दुसरी अडचण ठिसूळपणाची. कवचाचे तोंड पुरेसे रुंदावलेले नसेल किंवा अखेरीस ते फार आवळले गेले, तर गोळीला तडा जातो. अशी गोळी नळीतच फुटून तिचा भाग अडकला आणि मागाहून दुसरी झाडली गेली, तर नळी फुगते वा फुटते. पोलादापुढे उपयोगी पडणारा गुण भरणीच्या यंत्रात असा आड येतो.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ अन्वये परवान्याविना दारूगोळा तयार करण्यास मनाई असल्याने घरगुती भरणीस वाव नाही. महाराष्ट्रात लहान शस्त्रांच्या काडतुसांचे उत्पादन खडकी (स्थापना १८६९) व वरणगाव (१९६४) येथील कारखान्यांत होते; १ ऑक्टोबर २०२१ पासून ते म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीकडे आहेत. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, त्या २५ मी. पिस्तूल प्रकारात .२२ काडतूस वापरतात. त्याचे प्रस्फोटक द्रव्य कवचाच्या कडेतच भरलेले असल्याने ते एकदा झाडल्यावर व्यवहारतः पुन्हा भरता येत नाही.