पाचव्या तारेचा हिशेब

कापडाच्या धंद्यात आमची उमर गेली. थानात दोन वार कमी भरले तर ते आमच्या नजरेतून सुटत नाही. पण आमच्याच दुकानाच्या गच्चीवर एक अख्खा कॉम्प्रेसर दोन उन्हाळे मुकाट उभा होता आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. कारण एवढेच की एक बारीक तार जोडायची राहिली होती. इतरांच्या खिशाला अशी झळ बसू नये म्हणून हा अनुभव व्यापारी बांधवांपुढे ठेवत आहोत.

मालेगावात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच असते. बस्ता बांधायला आलेले कुटुंब तीन-तीन तास बसते. दुकान तापले की म्हातारी माणसे आधी उठतात, त्यांच्यामागे सगळेच "उद्या येतो" म्हणून निघतात. ते उद्या येतातच असे नाही. म्हणून आम्ही गच्चीवर ११ टनांचे पॅकेज युनिट बसवले. त्यात दोन कॉम्प्रेसर. थंड हवा डक्टमधून खाली येते आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट यंत्राला हुकूम देतो.

पहिल्याच उन्हाळ्यात दुपारी दुकान ३० अंशांच्या खाली येईना. ठेकेदार म्हणाला, "यंत्र लहान पडते, आणखी एक बसवा." दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही तेही मान्य केले. चेक लिहून गल्ल्यात ठेवला होता. त्याच आठवड्यात आमचा भाचा सुट्टीवर आला. तो आखातात अशाच यंत्रांची दुरुस्ती करतो. गच्चीवर पाच मिनिटे उभा राहून तो खाली आला आणि म्हणाला, "मामू, दोन कॉम्प्रेसरांपैकी एकाचाच आवाज येतो. नवीन यंत्र राहू द्या, आधी थर्मोस्टॅट उघडू."

थर्मोस्टॅटचे झाकण काढले तर आत चारच तारा. ठेकेदाराने चार तारांची केबल ओढली होती. दुसऱ्या कॉम्प्रेसरला हुकूम देणारी पाचवी तार नव्हतीच.

कोणती तार काय करते?

थर्मोस्टॅटला लोक मोठे यंत्र समजतात. खरे पाहता तो खोलीतील तापमान पाहून तारा जोडणारा आणि तोडणारा एक शहाणा स्विच आहे. १८८३ साली अमेरिकेत वॉरन जॉन्सन नावाच्या शिक्षकाने विजेवर चालणाऱ्या अशा उपकरणाचे पेटंट घेतले. वर्गातील तापमानाची खबर तळघरातील भट्टीवाल्याला पोहोचावी, एवढाच त्याचा हेतू होता. आजही काम तेच आहे, खबर पोहोचवणे. तार नसेल तर खबर जात नाही.

यंत्रातील छोटा ट्रान्सफॉर्मर २४ व्होल्टचा प्रवाह देतो. तो 'आर' तारेने थर्मोस्टॅटकडे येतो. 'सी' ही परतीची तार. डिजिटल थर्मोस्टॅटला स्वतः चालण्यासाठी बहुधा ती लागते. 'जी' पंखा चालवते. 'वाय-१' पहिला कॉम्प्रेसर आणि 'वाय-२' दुसरा. पहिल्याने भागत नसेल तेव्हाच दुसरा सुरू होतो. 'डब्ल्यू' हीटरसाठी असते. थंड मुलुखात ती महत्त्वाची, आमच्याकडे ती जागा रिकामी असते. एकाच यंत्राने उलटसुलट गरम-थंड करणारा हीट पंप असेल तर 'ओ' किंवा 'बी' अशी आणखी एक तार लागते.

रंगांवर मात्र भरवसा ठेवू नये. लाल तार 'आर'लाच जोडलेली असेल असे नाही. दोन्ही टोकांची अक्षरे जुळली पाहिजेत.

काम करून घेताना

हे काम जाणकार वायरमनचेच आहे. आपण हात लावू नये, पण शेजारी उभे राहून पुढील गोष्टी जरूर पाहाव्यात.

पहिली गोष्ट, यंत्राचा मेन स्विच बंद करून मीटरने खात्री करावी. गच्चीवर ४१५ व्होल्टचा थ्री-फेज पुरवठा असतो, तो माफी देत नाही. 'आर' आणि 'सी' एकमेकींना चुकून टेकल्या तरी फ्यूज उडतो, कधी ट्रान्सफॉर्मरच जळतो.

दुसरी, यंत्राच्या दाराच्या आत चिकटवलेला नकाशा वाचून घ्यावा. काही यंत्रांचे कंट्रोल २४ नव्हे, २३० व्होल्टचे असते. तिथे २४ व्होल्टचा थर्मोस्टॅट लावला तर तो जळतो.

तिसरी, आज पाच तारा लागत असतील तर आठ तारांची केबल ओढावी. फरक किरकोळ असतो, भिंत पुन्हा फोडण्याचा खर्च मोठा. ही केबल थ्री-फेजच्या पाइपातून नेऊ नये, तिला वेगळा पाइप द्यावा.

चौथी, तार जोडून काम संपत नाही. थर्मोस्टॅटच्या सेटिंगमध्ये दोन टप्प्यांचे कूलिंग निवडावे लागते. ते राहिले तर पाचवी तार असून नसल्यासारखी.

पाचवी, थर्मोस्टॅट जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर, आतल्या भिंतीवर असावा. त्यावर ऊन, शो-केसच्या दिव्यांची उष्णता किंवा डक्टची थंड हवा थेट पडू नये. त्याच्यामागील भोक बुजवावे, नाहीतर भिंतीतील गरम हवा त्याला फसवते.

पैसे देण्यापूर्वी तपासणी

थर्मोस्टॅट दुकानातील तापमानापेक्षा बराच खाली लावावा आणि गच्चीवर जाऊन दोन्ही कॉम्प्रेसर सुरू होतात का ते स्वतः पाहावे. घाई करू नये. यंत्र बंद झाल्यावर कॉम्प्रेसर पुन्हा सुरू व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात आणि दुसरा पहिल्यानंतर काही वेळाने येतो. मग कोणत्या रंगाची तार कोणत्या अक्षराला जोडली ते कागदावर लिहून घ्यावे. तो कागद यंत्राच्या बिलासोबत फाइलला लावावा.

कापडवाल्यांसाठी एक सूचना. पावसाळ्यात पंखा 'ऑन'ऐवजी 'ऑटो'वर ठेवावा. कॉम्प्रेसर थांबल्यावरही पंखा फिरत राहिला तर कॉइलवरचे पाणी पुन्हा हवेत मिसळून दुकानात ओल येते. रेशमी मालाला ती सोसत नाही.

आमच्याकडे नवी केबल एका सकाळी ओढून झाली. त्या दुपारी दुकान २५ अंशांवर आले. विजेचे बिल थोडे वाढले, हेही प्रामाणिकपणे सांगतो, कारण आता दोन्ही कॉम्प्रेसर काम करतात. उगाच १८ अंशांवर लावण्याची हौस मात्र आम्ही सोडली. केंद्र सरकारने २०१८ साली २४ अंशांचा सल्ला दिला, तेव्हा तापमान एक अंश वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते असे सांगितले होते.

गल्ल्यातला चेक आम्ही फाडून टाकला. पण दोन लग्नसराईंत "उद्या येतो" म्हणून गेलेली गिऱ्हाइके कोणत्या खात्यात लिहावीत? आम्ही माल मोजून घेतो, तशा तारा मोजून घेतल्या असत्या तर हा प्रश्नच उरला नसता.