आपण लिहिलं एक, गुगलवर दिसतं दुसरंच

मंडळी, आज एका नेहमीच्या तक्रारीपासून सुरुवात करू. आपण वेबसाइट करतो. प्रत्येक पानासाठी दोन ओळींचं वर्णन लिहितो. त्याला 'मेटा डिस्क्रिप्शन' म्हणतात. ते पानावर दिसत नाही, कोडमध्ये असतं. मग गुगलवर शोधून पाहतो, तर शीर्षकाखाली भलतीच ओळ! आपल्याला वाटतं, साइट करणाऱ्याने काहीतरी घोळ घातलाय. बहुतेक वेळा तसं नसतं.

समजा, मालवणला आपलं होमस्टे आहे. वर्णनात आपण लिहिलंय, 'समुद्राजवळ घरगुती मुक्काम आणि मालवणी जेवण'. आता कुणी शोधलं, 'मालवण होमस्टे कुत्रा चालेल का'. आपल्या वर्णनात कुत्र्याचं नावही नाही, पण पानाच्या तळाशी नियमांमध्ये ती ओळ आहे. गुगल ती उचलून दाखवू शकतं, कारण विचारणाऱ्याला उत्तर तिथे आहे. दुसऱ्याने 'मालवणी जेवण मुक्काम' शोधलं, तर कदाचित आपलंच वर्णन दिसेल. पान एकच, पण प्रश्न बदलला की खालच्या ओळी बदलतात.

गुगलचं धोरण उघड आहे. या ओळी मुख्यतः पानावरच्या मजकुरातून घेतल्या जातात, आणि आपलं वर्णन पानाची जास्त नेमकी ओळख करून देत असेल तर ते वापरलं जातं. सगळ्या पानांना एकच वर्णन चिकटवलं असेल किंवा नुसते शब्द कोंबले असतील, तर ते बाजूला पडण्याची शक्यता जास्त. पूर्वी तर डीमॉझ नावाच्या, स्वयंसेवकांनी चालवलेल्या सूचीतलं वर्णनही गुगल दाखवायचं. ती सूची 2017 मध्ये बंद पडली आणि तो प्रकार संपला.

आता खरी अडचण ऐका. पानाच्या कोपऱ्यात जुना दर राहून गेला असेल, तर तोही वर येऊ शकतो. गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, 'गुगलवर तर इतकेच लिहिलेत!' मग आपण वर्णन कितीही चांगलं लिहिलेलं असो, उपयोग काय?

म्हणून पहिलं काम म्हणजे पानावरचा मजकूर ताजा ठेवायचा. दुसरं, लोक जे विचारतात त्याची उत्तरं पूर्ण वाक्यांत लिहायची. तिसरं, प्रत्येक पानाला वेगळं, खरं वर्णन द्यायचं. एखादा भाग दाखवायचाच नसेल तर 'डेटा-नोस्निपेट' ही खूण आहे. ओळींची लांबी आवरायला 'मॅक्स-स्निपेट' आहे. पण आपण लिहिलेलंच दाखवा, अशी सक्ती करणारी खूण मात्र नाही.

घरी गेल्यावर एक करा. गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं, तेच शब्द आपल्या गावाच्या नावासकट गुगलवर टाका आणि आपल्या पानाखाली काय येतं ते वाचा. चुकीचं दिसलं तर आधी पान दुरुस्त करा. बदल दिसायला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात, कारण गुगलला ते पान पुन्हा वाचावं लागतं.