अल्पखर्चात मोटारसायकलची कार्यक्षमता व नियंत्रण : एक विवेचन

प्रस्तावना :
ग्रामीण व निमशहरी भागांतील अनेक विद्यार्थी व कर्मचारी मोटारसायकलने महाविद्यालयात येतात. १९९४ मध्ये बाजारात आलेली हीरो होंडा स्प्लेंडर ही या वाहनांपैकी १०० सी.सी. वर्गाची प्रातिनिधिक गाडी होय. ९७.२ सी.सी.चे इंजिन, सुमारे साडेसात अश्वशक्ती आणि दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक अशी तिची मूळ रचना होती. अशा गाडीत सुधारणा करताना तरुणांचे लक्ष प्रथम सायलेन्सरकडे वळते. वस्तुतः मर्यादित पैसा प्रथम टायर, ब्रेक व शॉक अब्सॉर्बर यांवर खर्च होणे इष्ट ठरते. त्यामागील कारणांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वेग व थांबण्याचे अंतर :
गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी ४० कि.मी. ऐवजी ६० कि.मी. वेगाने जाणाऱ्या गाडीची ऊर्जा दीडपट नव्हे, तर सव्वादोनपट होते. ब्रेक लावल्यावर वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद इतका घटतो असे मानल्यास गाडी थांबण्यास अनुक्रमे सुमारे १२ व २८ मीटर अंतर लागते. चालक ब्रेक दाबेपर्यंत कापलेले अंतर यात धरलेले नाही.

टायर व ब्रेक :
टायरची नक्षी शिल्लक असली तरी कालांतराने रबर कडक होते व ओल्या रस्त्यावरील पकड कमी होते. टायरवरील चार अंकी संकेतातून निर्मितीचा आठवडा व वर्ष कळते. ‘२३२१’ म्हणजे २०२१ मधील तेविसावा आठवडा. मूळ रिमवर फार रुंद टायर बसविल्यास त्याचा आकार आवळला जातो व वळणावर गाडी जड वाटते. म्हणून मूळ मापाचा दर्जेदार टायर व योग्य हवा हाच स्वस्त उपाय होय. ड्रम ब्रेकचे झिजलेले लायनर वेळीच बदलावेत. ब्रेक पूर्ण लागताना ड्रमवरील आर्म व ब्रेक रॉड यांत जवळपास काटकोन असल्यास दाबाचा सर्वाधिक उपयोग होतो.

शॉक अब्सॉर्बर व चेन :
पुढील शॉकमधील ऑइल जुने झाल्यास ब्रेक लावताना गाडीचे तोंड अधिक खाली दबते. ऑइल व गळके सील बदलणे फारसे खर्चिक नसते. मागे दुसरी व्यक्ती बसणार असल्यास मागील शॉकची स्प्रिंग एक-दोन टप्पे घट्ट करावी. चेनचा ताण योग्य ठेवून तिला नियमित ऑइल दिल्यास शक्तीचा अपव्यय टळतो. १४ व ४२ दात्यांच्या स्प्रॉकेटऐवजी १४ व ४४ दात्यांची जोडी बसविल्यास मागील चाकावरील ओढ सुमारे पाच टक्के वाढते. मात्र त्याच वेगाला इंजिन तितकेच अधिक फिरते. इंजिनाच्या शक्तीत भर पडत नाही.

कायदेशीर मर्यादा :
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही. वर सुचविलेली देखभाल या मर्यादेत बसते. मोठ्या क्षमतेचे इंजिन बसविणे बसत नाही.

समारोप :
इंजिनाची शक्ती वाढविणारा बदल थांबण्याचे अंतर कमी करीत नाही. टायर व ब्रेक यांवरील खर्च मात्र ते कमी करू शकतो. गाडी किती वेगाने धावते यापेक्षा ती वेळेत थांबते का, हा प्रश्न प्रथम विचारला जावा. पदार्थविज्ञानाच्या अध्यापनात हे घरचेच उदाहरण घेतल्यास वर्गाचे सूत्र विद्यार्थ्यांच्या रोजच्या प्रवासाशी जोडता येईल.