वऱ्हाडी कापसाचे माप

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा आणि त्याच्या आसपासची शिवारे आज सोयाबीन व तुरीने पुष्कळशी व्यापलेली असली, तरी या मुलखात सरकारने बाजाराला पहिली शिस्त लावली ती कापसासाठी, आणि तीही याच जिल्ह्यातील कारंजा येथे.

१८५३ पासून वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटाकडे होता. त्याच्या हुकमाने १८८६ मध्ये कारंजाला स्थापन झालेला कापूसबाजार हा हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित बाजार होय. पुढे १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने ही तजवीज प्रांतभर लागू करण्याचा मार्ग मोकळा झाला. वजन, दलाली आणि व्यवहार यांना नियमांचे बंधन आले ही गोष्ट थोर खरीच. परंतु तिच्यामागील मुख्य प्रेरणा मँचेस्टरच्या गिरण्यांना निर्भेळ कापूस वाजवी दरात मिळावा ही होती, आणि म्हणूनच त्या कायद्याखालील बाजार समितीत व्यापाऱ्यांना स्थान होते, माल पिकवणाऱ्या कुणब्याला नव्हते. ते स्थान देणारा कायदा मुंबई इलाख्यात व्हायला १९२७ साल उजाडावे लागले.

मापाची दोरी खरेदीदाराच्या हाती असली म्हणजे काय होते, हे कापसाच्या रोझियम जातीच्या इतिहासात पाहावे. जाड व आखूड तंतूची, पण रुईचा उतारा भरपूर देणारी ही जात विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडात झपाट्याने पसरली, तिच्या प्रसाराला खुद्द कृषिखात्याने हातभार लावला, आणि ‘उमरा’ या नावाने परदेशी पेठांत विकल्या जाणाऱ्या इथल्या मालाची प्रतिष्ठा मात्र घसरली. यात शेतकऱ्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. लांब तंतूला चार पैसे जास्त मिळतील याची हमी त्याला कोणी दिली होती? उताऱ्याची रुई डोळ्यांना दिसत होती, तंतूची लांबी व बळकटी मोजणारे साधन त्याच्या बाजारात नव्हते.

हे साधन निर्माण करण्याचे श्रेय मात्र सरकारला दिलेच पाहिजे. १९१७ साली नेमलेल्या कापूस समितीच्या शिफारशीवरून १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती अस्तित्वात आली. १९२३ च्या कायद्याने कापसाच्या दर गाठीवर प्रथम चार व पुढे दोन आण्यांचा कर बसला, आणि त्या उत्पन्नातून १९२४ मध्ये मुंबईत माटुंग्याला तंत्रशास्त्रीय प्रयोगशाळा उभी राहिली. नवे वाण निपजवणाऱ्या शास्त्रज्ञाकडे आरंभी मूठभर रुईच असते. तेवढ्या अल्प नमुन्यावरून तिचे सूत किती बारीक निघेल हे कातून सांगणे ही या प्रयोगशाळेची मोलाची कामगिरी. अकोल्याच्या कापूस संशोधनाला आणि पुढच्या वाणांना तिचा आधार मिळाला. पण हा निकाल वाणाविषयीचा असे. कुणा एका शेतकऱ्याच्या गाडीतील कापसाविषयी त्याने कधी काही सांगितले नाही.

आजही चित्र फारसे पालटलेले नाही. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असल्यास पूर्ण हमीभाव, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत प्रमाणशीर कपात, आणि त्याहून अधिक असल्यास नकार असा दंडक आहे. २०२४ च्या हंगामात सोयाबीनची ओलाव्याची मर्यादा बारावरून पंधरा टक्के करावी लागली, यावरून या एका आकड्यावर गावोगावच्या कुटुंबांचे वर्ष कसे अवलंबून असते ते ध्यानात यावे. २०२३ मध्ये कापसाच्या गाठींना भारतीय मानक बंधनकारक करणारा आदेश निघाला, त्याची अंमलबजावणी वारंवार लांबली. पण त्या आदेशाचा विषय जिनिंग-प्रेसिंगमधून बाहेर पडणारी गाठ हा आहे. खेडा खरेदीत अंगणातच माल देऊन मोकळा होणारा शेतकरी त्या मानकाच्या कक्षेत येतच नाही.

तेव्हा माझे मागणे स्पष्ट आहे. थोड्या रुईवरून तंतूची लांबी, बळकटी व तलमता काही मिनिटांत सांगणारी यंत्रे आज उपलब्ध आहेत. नमुन्यापुरती सरकी वेगळी करणारी लहान जिनिंग यंत्रेही आहेत. प्रत्येक बाजार समितीच्या आवारात ही दोन्ही यंत्रे सरकारने बसवावीत, निकालाचा लेखी दाखला सौद्यापूर्वी विक्रेत्याच्या हाती द्यावा, आणि त्याचा खर्च गिरणीला उत्तम गाठ मिळते म्हणून गिरणीकडून घ्यावा; १९२३ चा तो कर कापसाच्या गाठीवर बसला होता आणि त्यातून उभ्या राहिलेल्या ज्ञानाचा मोठा लाभ गिरण्यांनाच झाला होता.