कंबर, समुद्र आणि बोटीतली पुढची जागा

थायलंडमध्ये क्राबीला गेलो तेव्हा आत्या चौसष्ट वर्षांची होती. कंबरदुखी तिची जुनी. त्यामुळे निघायच्या आधीच तिचं सगळं ठरलेलं होतं. वाळूत चालायचं नाही, कंबर भरून येते. समुद्रात उतरायचं नाही, वात धरतो. हॉटेलच्या मऊ गादीवर झोपायचं नाही. पहिल्याच रात्री तिने पलंगावरची चादर ओढून खाली फरशीवर अंथरली. तीन दिवस बाल्कनीत खुर्ची टाकून ती आम्हाला पाण्यात खेळताना बघत होती.

चौथ्या दिवशी बेटांची सहल होती. "बोटीत काय, नुसतं बसायचंच तर आहे," असं म्हणून ती स्पीडबोटीच्या अगदी पुढच्या बाकावर जाऊन बसली. तिथे वारा छान लागतो, समोरचे उभे कडे दिसतात. कुणी अडवलं नाही, आम्हीही नाही आणि बोटवाल्यांनीही नाही. उघड्या पाण्यात आल्यावर एका लाटेवर बोटीची नाळ वर उचलली गेली, क्षणभर तशीच अधांतरी राहिली आणि फळी आपटावी तशी खाली आदळली. आत्या बाकावरून वीतभर उडाली आणि बसल्या अंगाने परत आपटली. "आई गं" एवढंच तिच्या तोंडून निघालं. नंतर बंदर येईपर्यंत ती दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरून बसली होती, बोटांची पेरं पांढरी पडलेली. एक्स-रेमध्ये कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने दबलेला दिसला.

ज्या तीन गोष्टींना ती घाबरत होती, त्यांतल्या एकीनेही तिच्या कमरेला धक्का लावला नव्हता. ज्या जागेने लावला, तिची भीती तिला कुणी घातलीच नव्हती. तेव्हापासून मला वाटतं, परदेशातल्या किनाऱ्यावर कंबर सांभाळायची तर आधी आपल्या भीतीची यादी तपासून घ्यायला हवी.

"कंबर दुखतेय म्हणजे गादी सरकली"

आपल्याकडे हे वाक्य इतक्या सहज म्हटलं जातं की ऐकणाऱ्याला मणक्यांमधून काहीतरी निसटून बाहेर आलंय असंच वाटतं. मणक्यांमधली चकती अशी सरकत नाही, ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. तिचा फुगवटा येऊ शकतो, कधी बाहेरचं कडं फाटून आतला गर बाहेर येतो आणि नस दाबली जाते. तसं झालं तर कळ पायात उतरते. पण कंबरदुखीच्या दहा रुग्णांतल्या साधारण नऊ जणांच्या दुखण्याला असं एकच ठळक कारण सापडत नाही. स्नायू, सांधे, अस्थिबंध, थकवा, अपुरी झोप, काळजी असं सगळं मिळून ते दुखणं होतं.

एमआरआयचंही तसंच. २०१५ साली जुन्या ३३ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या ३,११० माणसांना पाठदुखी अजिबात नव्हती. तरीही विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या आणि ३० टक्क्यांच्या फुगलेल्या. ऐंशीच्या वयात हे आकडे ९६ आणि ८४ टक्क्यांवर गेले. म्हणजे यातलं बरंच काही केस पिकण्यासारखं आहे. अहवालातले शब्द वाचून ज्यांनी सहल रद्द केली, अशा माणसांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

"उसण भरली की पडून राहायचं"

विमानातून उतरताना बॅग ओढली, कंबरेत चमक भरली आणि पुढचे पाच दिवस खोलीत गेले, ही कथा घराघरात ऐकू येते. हेलसिंकी शहराच्या पालिकेतल्या १८६ कर्मचाऱ्यांवर १९९५ साली एक प्रयोग झाला. कंबर नुकतीच धरलेल्या या लोकांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणात झोपायला सांगितलं, काहींना कमरेचे व्यायाम दिले आणि उरलेल्यांना सांगितलं की दुखणं झेपेल तेवढं रोजचं काम करत राहा. तीन आठवड्यांनी आणि बारा आठवड्यांनीही तिसरा गट पुढे होता. सर्वांत सावकाश बरे झाले ते झोपून राहिलेले.

सुट्टीत याचा अर्थ सोपा आहे. नाश्त्याला चालत जा, परत या, थोडं आडवं व्हा, पुन्हा उठा. मुंबईहून फुकेतचं थेट विमान साडेचार-पाच तासांचं. त्यात दर तासाला उठून मार्गिकेत एक फेरी मारावी, म्हणून बाजूची सीट आधीच मागून घ्यावी. किनाऱ्यावरची ती लांबलचक आरामखुर्ची गोड दिसते, पण कोपरांवर टेकून, पालथं पडून दोन तास मोबाइल बघितला तर उठताना कंबर तक्रार करणारच. दोष खुर्चीचा नसतो, एकाच स्थितीत काढलेल्या दोन तासांचा असतो.

गादीचं तर थोडक्यात सांगता येईल. स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना ९० दिवस वेगवेगळ्या गाद्यांवर झोपवलं होतं. २००३ मध्ये निकाल आला आणि कडक गादीपेक्षा मध्यम घट्ट गादी सरस ठरली. म्हणजे हॉटेलची गादी फार खचत असेल तर बदलून मागावी. फरशीवर झोपून जास्तीचं पुण्य लाभत नाही. उताणं झोपताना गुडघ्यांखाली उशी, कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी, एवढ्याने बऱ्याच जणांची रात्र सुधारते.

"खाऱ्या वाऱ्याने वात धरतो"

हवेचा आणि कमरेचा संबंध आपल्या हाडीमाशी मुरलेला आहे, म्हणून तो तपासणं मला महत्त्वाचं वाटतं. सिडनीतल्या संशोधकांनी कंबर अचानक धरलेल्या ९९३ रुग्णांच्या तारखा वेधशाळेच्या नोंदींशी ताडून पाहिल्या (२०१४). तापमान, दमटपणा, हवेचा दाब, पाऊस यांतल्या कशाशीही दुखण्याचा संबंध दिसला नाही. जोराच्या वाऱ्याशी दिसला, पण तो इतका किरकोळ की उपचाराच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नव्हता.

पाणी तर कमरेचा मित्रच. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराचा साधारण निम्मा भार उरतो, छातीइतक्या पाण्यात साधारण एक तृतीयांश. पोहता येत नसेल तरी हॉटेलच्या तलावात छातीइतक्या पाण्यात दहा मिनिटं चालता येतं, आणि जमिनीवर अवघडणारं पाऊल तिथे मोकळं पडतं. पोहणाऱ्यांनी एवढं पाहावं की डोकं सतत वर धरून बेडकासारखं पोहताना कंबर मागे वाकते. काहींना ते सोसत नाही, मग उताणं पोहावं.

जपायचं आहे ते लाटेला. काठाशीच फुटणारी लाट माणसाला उचलून वाळूवर आदळते आणि मान किंवा मणका दुखावतो. लाटेकडे पाठ करून उभं राहू नये, उथळ पाण्यात डोक्यावर सूर मारू नये. थायलंडच्या अंदमान समुद्राकडच्या बाजूला, म्हणजे फुकेत-क्राबीकडे, साधारण मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला असतो. तिथल्या किनाऱ्यावर लाल बावटा दिसला तर पाय भिजवण्यापुरतंसुद्धा पुढे जाऊ नये.

वाळूबद्दलच्या भीतीत मात्र थोडं तथ्य आहे. बेल्जियममधल्या १९९८ च्या एका अभ्यासात दिसलं की त्याच वेगाने चालायला मऊ वाळूत दुपटीहून जास्त ऊर्जा खर्च होते. म्हणून कंबर लवकर थकते. पण थकणं म्हणजे इजा नव्हे. पाण्याच्या कडेची ओली, घट्ट वाळू निवडावी. तिथे उतार असतो, त्यामुळे एक पाय सतत खाली राहतो. जितकं जाल तितकंच परत या, म्हणजे दुसऱ्या पायालाही तेवढीच पाळी मिळते.

"इतका लांब आलोय, तर मसाज करून कंबर सरळ करून घेऊ"

आमच्या गावाकडे उसण भरली की पायाळू माणूस शोधत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने पाठीला पाय लावला की उसण जाते, अशी समजूत. अनेकांची जायचीही. कारण अचानक धरलेली कंबर बहुतेकदा काही दिवसांत आपणहून सैल होऊ लागते आणि दीड महिन्याच्या आत बहुतेकांना बराच आराम पडतो. दुखणं शिगेला पोचतं तेव्हाच माणूस उपायाला धावतो, आणि त्यानंतरच्या उताराचं श्रेय ज्याचा पाय लागला त्याला मिळतं.

थायलंडच्या मसाजबद्दल मला आदर आहे. बँकॉकच्या वाट फो मंदिराच्या परिसरात तो पिढ्यान्‌पिढ्या शिकवला जातो आणि 'नुआद थाई' या नावाने २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. मालिशीने कंबरेला काही काळ आराम मिळतोही. पण या पद्धतीत अंग पिळणं, ताणणं, कोपराने दाबणं, कधी पाठीवर पाय देणंही असतं. हाडं ठिसूळ असतील, पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल, मणक्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर पिळणं आणि पाय देणं नको, असं आधीच खुणेने का होईना पण स्पष्ट सांगावं. आणि बोट आदळल्यावर, पडल्यावर कंबर दुखू लागली असेल तर मसाजच्या दुकानात जायचंच नाही. आधी एक्स-रे.

"गोळी आणि मलम सोबत आहे, मग काळजी कसली"

सर्वांत जास्त गफलत इथेच होते. कंबर अचानक धरलेल्या १,६५२ जणांवर ऑस्ट्रेलियात प्रयोग झाला (२०१४). पॅरासिटामॉल घेणाऱ्यांना बरं व्हायला मध्यमानाने १७ दिवस लागले, नुसती साखरेसारखी बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांना १६. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांचा थोडा उपयोग होतो, पण उन्हात घामाघूम होऊन, पाणी कमी पिऊन त्या गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो. त्यात रक्तदाबाची गोळी चालू असेल तर जास्तच. घरून आणलेल्या गोळीत डायक्लोफेनॅक, तिथल्या दुकानदाराने दिलेल्या गोळीत आयब्युप्रोफेन, अशी एकाच जातीची दोन औषधं नकळत पोटात जातात. पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव वाचावं. स्नायू सैल करणाऱ्या गोळीने झोप येते, ती घेऊन पाण्यात उतरू नये आणि वर बिअर तर मुळीच नको.

मलमाचंही तसंच. केटोप्रोफेन असलेलं जेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात. जेल चालू असताना आणि बंद केल्यावरही दोन आठवडे त्या जागेवर ऊन पडू द्यायचं नसतं, मग ते ढगाळ का असेना. किनाऱ्यावर उघड्या पाठीने बसणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

दुबईला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. ट्रॅमाडॉल आणि कोडीन ही औषधं संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत. आधी परवानगी काढल्याशिवाय ती सोबत नेली तर विमानतळावरच अडचण होऊ शकते. डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन सोबत हवंच, पण फक्त तेवढं पुरत नाही.

कमरेच्या पट्ट्याला एकच वाक्य पुरे: नेहमीच्या जुनाट कंबरदुखीत तो वापरू नये, असंच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

आता त्या बाकाकडे येते.

वेगातल्या छोट्या बोटीचं पुढचं टोक सर्वांत जास्त वरखाली होतं, मागचा इंजिनाजवळचा भाग सर्वांत कमी. पुढे बसलेला माणूस उडतो आणि बोट परत वर येत असतानाच तो खाली आदळतो. तो सगळा मार बैठकीतून थेट मणक्यांवर चढतो. बरगड्यांनी बांधलेली ताठ पाठ जिथे संपते आणि लवचीक कंबर जिथे सुरू होते, तिथे तो एकवटतो. म्हणूनच कमरेचा पहिला मणका दबतो. हे फक्त थायलंडात होतं असं नाही. २००८ मध्ये ब्रिटनजवळच्या ब्रिस्टल चॅनलमध्ये सहलीच्या वेगवान बोटीत एका प्रवाशाचा मणका असाच दबला आणि तिथल्या सागरी अपघात तपास यंत्रणेने त्याची रीतसर चौकशी केली. धडधाकट माणसालाही हे होऊ शकतं. पाळी गेलेल्या बाईच्या ठिसूळ हाडांना तर छोटा आदळाही पुरतो.

म्हणून मागे बसा. पाय जमिनीवर घट्ट रोवा, हाताने काहीतरी पक्कं धरा, वाकून बसू नका. लाटा उठल्या असतील तर वेग कमी करायला सांगा, आणि ऐकत नसतील तर मोठ्याने सांगा. फुकेतहून फी फीला स्पीडबोट साधारण तासात पोचवते, मोठी फेरी दीड-दोन तास घेते. कंबर जुनी दुखरी असेल तर तो जास्तीचा तास आनंदाने द्यावा. आओ नांगहून रायलेला जाणारी लाकडी लाँगटेल बोट सावकाश जाते, पण तिच्यात चढायला गुडघ्याएवढ्या, कधी मांडीएवढ्या पाण्यातून शिडी धरावी लागते. तेव्हा पाठीवर पिशवी नको, ती आधी बोटवाल्याच्या हातात द्या.

कंबरेबरोबर जांघेत, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, दोन्ही पायांतली ताकद गेली, तर सकाळची वाट बघायची नाही. नसांचा गुच्छ दबलेला असू शकतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो. ताप, पडल्यानंतरची कळ, कर्करोगाचा इतिहास, ही बाकीची धोक्याची चिन्हं. थायलंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी १६६९ आणि पर्यटक पोलिसांसाठी ११५५ हे क्रमांक आहेत. प्रवास विमा काढताना जुनी कंबरदुखी लपवू नका, नाहीतर नेमक्या वेळी दावा अडतो. परतीच्या विमानात व्हीलचेअर हवी असेल तर कंपनीला ४८ तास आधी कळवून ठेवा.

आत्या आता चालते, जिने चढते. इथे आल्यावर डॉक्टरांनी तिची हाडांच्या घनतेची डेक्सा चाचणी केली. टेबलावर काही मिनिटं निजायचं, बस्स. टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली आला. हाडं कधीपासून ठिसूळ होत होती, तिला पत्ताच नव्हता. कंबरेसाठी तिने वर्षानुवर्षं तेल चोळलं, पट्टा बांधला, फरशीवर झोपली. ही एक चाचणी मात्र तिला कुणी सांगितली नव्हती. आता आईचीही करून घेतली आहे. डिसेंबरात दोघी तारकर्लीला जाणार आहेत आणि आत्याने पहिला प्रश्न विचारला तो बोटीत मागच्या बाजूला जागा मिळेल का, हाच.