पनवेलची चाके, सावंतवाडीचे गाडे

इ.स. 1830 मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर देशावरून उतरणाऱ्या मालाची ज्या बंदरातून मुंबईकडे रवानगी होई, त्या पनवेल कसब्याचा एकोणिसाव्या शतकातील प्रमुख उद्योग गाड्यांची चाके घडविणे हा होता, आणि देशावर परतणारा गाडीवान येथून चाकांची जोडी घेऊन जात असे, अशी नोंद सरकारी गॅझेटियरात आढळते.

बालकांच्या लाकडी गाड्यांचे माहेर मात्र पनवेलहून निघणाऱ्या 66 क्रमांकाच्या महामार्गाने दक्षिणेस गेल्यावर लागणाऱ्या सावंतवाडीत, तेथील चितारआळीत आहे. पांगाऱ्यासारख्या मऊ व हलक्या लाकडाची खेळणी घडवून ती भडक रंगांनी रंगविण्याची विद्या तेथील कारागिरांनी जतन केली आहे.

तीन चाकांचा पांगुळगाडा प्रथम मुलाला पाऊल टाकण्यास आधार देतो; पुढे तेच मूल स्वबळावर चालू लागले म्हणजे त्याच गाड्यात बाहुली बसवून त्याची प्रवासी गाडी करते, वा खडे भरून मालगाडी. खेळगाडीचे हे माहात्म्य साहित्यासही अपरिचित नाही: शूद्रकाच्या ज्या ‘मृच्छकटिक’ नाटकाला गोविंद बल्लाळ देवलांनी मराठी रंगभूमीवर आणले, त्याचे नावच मातीच्या खेळगाडीवरून पडलेले आहे.

गाडी विकत घेताना चाक आसावर मोकळे फिरते, कडा बोचत नाहीत व रंग हाताला लागत नाही, एवढी खातरजमा वाचकांनी अवश्य करावी.